पन्नास पायऱ्यांचा माणूस

४ ऑगस्ट

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद सोबत जोडले आहेत. नको असतील तर परत पाठवावेत, मी जपून ठेवीन.

तक्रार अशी, की काल सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी तू फोनमध्ये बसवलेल्या चौकोनी माणसाने माझ्या तोंडावर जांभई दिली.

मला धक्का बसला. मी प्रुफं तपासत होतो, तो मनोरा चढत होता, आणि तोही माझ्या मेहनतीच्या जोरावर, कारण मी फोनला हात लावला की तो घसरतो अशी तूच त्याची घटना लिहिली आहेस. म्हणजे कष्ट माझे, चढण त्याची आणि वर जांभईही त्याचीच! सातव्या पायरीवर तो थांबला, कंबरेवर हात ठेवला, आणि आठ चौकोन रुंद असं तोंड उघडलं. मी मोजले. एकतीस वर्षं प्रुफं वाचतो आहे. माझ्यासमोर आजवर जांभई दिली ती फक्त लेखकांनी.

तुझ्या आईने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "तिच्या कंपनीला साधी माणसं हवी आहेत, वापरून बघायला. आठवड्याला एक पत्र लिहायचं, काय आवडलं, काय खटकलं. त्यातलं चित्र न् चित्र तिने काढलंय. अहो, दोन ओळी बऱ्या लिहा."

मी म्हटलं, "मी साधा माणूस आहे हे तिनं कळवलं, की तू ठरवलंस?"

"ते जगजाहीर आहे," ती म्हणाली.

तेव्हा दोन वर्षं आणि चार महिन्यांनंतर मी तुला लिहितो आहे ते बाप म्हणून नव्हे, ग्राहक म्हणून, अशी नोंद घ्यावी. ग्राहकाशी अबोला धरता येत नाही.

आता गुण. पडद्याचा तो शेवाळी हिरवा रंग मी ओळखला. सातवीच्या परीक्षेआधी मी तुझ्याकडून विटांचा जो खेळ काढून घेतला होता, त्याचा हाच रंग होता. तुझी आई म्हणते याला आता रेट्रो म्हणतात आणि लोक हौसेने वापरतात. पंचवीस मिनिटं, पन्नास पायऱ्या, अर्ध्या मिनिटाला एक. वर पोचला की तो दिवा लावतो, तीन सुरांची पिपाणी वाजते, आणि मनोरा गावात कायमचा उभा राहतो. माझ्या गावात आता नऊ मनोरे आहेत. मी मोजत नव्हतो, दिसले.

सध्या टेबलावर आहे ती परिचारिकांची खिशातली पुस्तिका. लहान मुलांना कुठलं औषध किती द्यायचं त्याचे तक्ते. ओळीला वजन, वजनासमोर मात्रा. अशा कामाला आमच्या छापखान्यात दोन माणसं लागतात: वाचनबाई मूळ प्रत मोठ्याने वाचतात आणि मी ओळीखाली फूटपट्टी ठेवून प्रूफ बघतो. "पाच किलो, समोर इतकं. दहा किलो, समोर इतकं." नेहमी आडवं. पण बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्या दीड महिना घरी. तोवर मी एकटा. आणि तुझा जांभई देणारा गृहस्थ.

जांभई काढावी, ही विनंती.

ग्राहक क्रमांक एक,
बाबा

१३ ऑगस्ट

चि. भिंगरी,

जांभई राहू दे. सवय झाली. परवा त्याने द्यायला थोडा उशीर केला तर मला चुकल्यासारखं वाटलं.

आज तक्रार नाही, शोध आहे. तुमच्या कंपनीने याची नोंद करावी. पुस्तिकेतल्या प्रत्येक तक्त्यात दहा ओळी आहेत आणि तुझ्या मनोऱ्याला पन्नास पायऱ्या. एका चढणीत पाच तक्ते! मी युक्ती काढली: त्याची एक पायरी, माझा एक आकडा. तो पाय उचलतो, मी स्तंभातला पुढचा आकडा घेतो, मूळ प्रतीशी ताडतो, टिंब बघतो, एकक बघतो, लाल खूण करतो. तो टेकतो, मीही टेकतो. आम्ही दोघे जोडीने चाललो आहोत, तो खालून वर, मी वरून खाली. एकट्याने वाचताना जो कंटाळा येतो, मान आखडते, डोळा उगाच खिडकीकडे जातो, ते सगळं बंद. आणि अर्धं मिनिट एका आकड्याला पुरून उरतं. दहा-बारा सेकंद शिल्लक राहतात, ती त्याच्याकडे बघण्यात जातात.

त्याच्याकडे बघण्यासारखं बरंच आहे हे मी मान्य करतो. नवव्या पायरीवर टोपी उडते आणि तो ती पायाने अडवतो. तेराव्यावर मांजर आडवं जातं, तेव्हा तो थांबून त्याला जाऊ देतो. माणूस सभ्य आहे. तिसाव्यावर ढग लागतो आणि तो चष्मा पुसतो. चष्मा चार चौकोनांचा, पुसण्याची पद्धत सदऱ्याच्या टोकाने. तुझी आई म्हणाली, "हे कुणासारखं आहे हो?" मी म्हटलं, चष्मा सगळेच पुसतात. "सदऱ्याने पुसू नका म्हणून मी सव्वीस वर्षं एकालाच सांगतेय," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

विसाव्या पायरीवर तो जे करतो त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

छापखान्यात बातमी पसरली आहे. मालक येऊन पाठीमागे उभे राहिले. मला वाटलं, आता हजेरी घेणार. ते म्हणाले, "पडतो का हो हा कधी?" मी म्हटलं, माझ्याकडून नाही. छत्तीस मनोरे, एकही घसरण नाही. संगणकावर अक्षरजुळणी करणारी मुलगी म्हणाली, "काका, माझा तर तिसऱ्या पायरीवरच आपटतो. तुमचं लक्ष म्हणजे लक्ष!" मी विनयाने मान खाली घातली, पण फार खाली नाही.

पुस्तिका आज छपाईला गेली, ठरल्याच्या चार दिवस आधी. साठ प्रती आधी परिचारिकांच्या प्रशिक्षणात वाटायच्या आहेत, उरलेल्या पुढच्या महिन्यात.

लहानपणी मी तुला अवधानावर बरीच प्रवचनं दिली. संस्कृतची रूपं म्हणताना तू एका जागी उभी राहत नव्हतीस. त्या विषयावर पुढे कधीतरी लिहीन. आज एवढंच लिहितो, की तुझ्या या खेळण्याने माझं काम मला पुन्हा गोड लागलं. हे वाक्य कंपनीला दाखवायला हरकत नाही.

बाबा

२६ ऑगस्ट

भिंगरी,

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र कंपनीला दाखवू नकोस.

आज साडेअकराला मुलांच्या रुग्णालयातून फोन आला. मोठ्या सिस्टर होत्या. मालकांनी स्पीकर लावला, कारण त्यांना वाटलं कौतुक असेल.

"पान चौतीस उघडा," सिस्टर म्हणाल्या.

मी उघडलं. आकडीच्या औषधाचा तक्ता.

"पाच किलोच्या बाळासमोर काय छापलंय, वाचा."

मी वाचलं.

"हे बाळाचं आहे, की बाळाच्या मोठ्या भावाचं?"

मी काय म्हणालो असेन, सांग. मी म्हणालो, "सिस्टर, तो आकडा मूळ प्रतीत आहे. मी स्वतः ताडून पाहिलाय."

"आहे की," त्या म्हणाल्या. "शेजारच्या घरात आहे. एक ओळ खाली बघा."

मी फूटपट्टी घेतली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. पाच किलोच्या ओळीखाली धरली. समोर दहाची मात्रा. दहाच्या ओळीखाली धरली. समोर पंधराची. खाली खाली जात राहिलो. सगळा स्तंभ एक घर वर सरकला होता. पहिला आकडा वर मथळ्यात शिरून बसला होता, तिथे तो मापाचा भाग वाटावा असा. आणि सगळ्यात खालच्या ओळीत, जिथे आकडा हवा, तिथे तक्त्याखालची टीप चढली होती: 'डॉक्टरांना विचारावे.'

प्रत्येक आकडा बरोबर आहे, भिंगरी. एकही टिंब इकडचं तिकडे नाही. प्रत्येकावर माझी लाल खूण आहे. आणि अख्खा तक्ता खोटा आहे.

 मग मालक म्हणाले, "तुम्ही? तुमच्या हातून?" रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते खरोखरच विचारत होते.

मी सिस्टरना विचारलं, जास्त गेलं तर काय होतं? त्या म्हणाल्या, "श्वास मंदावतो." आणि मग, "आमच्या वॉर्डात नाही दिलं कुणी. मला पाठ आहे म्हणून दिसलं. बाकीच्यांचं मी कसं सांगू?"

साठ प्रती वाटल्या गेल्या आहेत. सिस्टर स्वतः सगळीकडे फोन करत आहेत. मालकांनी गाडी काढली आहे. मला म्हणाले, तुम्ही बसा. मी बसलो आहे.

मला विश्वास बसत नाही. ते पान मी पुन्हा पुन्हा बघतो आणि दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखा दचकतो.

बाबा

२८ ऑगस्ट

चि. भिंगरी,

एकेचाळीस प्रती परत आल्या. कुठे काही घडल्याची खबर नाही. तुझ्या आईला सांगितलं. तिने माझ्या हातातून कप काढून घेतला, कारण मी तो बराच वेळ रिकामाच धरून बसलो होतो.

काल वाचनबाई आल्या. डोळ्यावर काळा चष्मा, सुनेचा हात धरून. तक्ता त्यांना दिसत नव्हता, मी वाचून दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आडवं नाही वाचलंत?"

"उभं वाचलं."

"तुम्ही?" मालकांचाच प्रश्न, पण बाईंनी विचारला तेव्हा जास्त लागला. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्या हातात फूटपट्टी त्यांनीच दिली होती. "उभं वाचलं की आकडे कळतात, तक्ता नाही," असं तेव्हा सांगितलं होतं. एकतीस वर्षांत मी हे तीस तरी नवीन पोरांना ऐकवलं असेल.

मालकांना लेखी निवेदन दिलं. कारणं दोन: वाचनबाईंची अनुपस्थिती आणि डोळ्यांचा थकवा. भाषा शुद्ध आहे. दोन्ही कारणं खोटी आहेत.

खरं तुला लिहितो, कारण ते समजेल अशी तू एकटीच आहेस.

तुझ्या यंत्रात सगळी नोंद असते, हे मला माहीत नव्हतं. काल तुझ्या आईने दाखवलं. पान चौतीस मी सात तारखेला वाचलं, अकरा दहा ते अकरा पस्तीस. मनोरा पूर्ण, दिवा लागलेला, खाली लिहिलंय: 'शंभर टक्के लक्ष!' आणि शेजारी तो टोपी उडवतोय. मी ते बघून हसलो, आणि मग मला जे झालं त्याला हसणं म्हणता येणार नाही.

तुझ्या यंत्राला एवढंच कळतं की मी फोनला हात लावला नाही. हात लावलाच नव्हता. डोळा लावला होता.

आकडीचं औषध त्या चढणीतला दुसरा तक्ता. म्हणजे अकरावी ते विसावी पायरी. मी त्याच्या पावलाने चाललो होतो म्हणून उभं वाचत होतो, हे तर झालंच. तरी एक संधी होती. शेवटच्या ओळीत आकड्याऐवजी टीप होती. आंधळ्यालाही अडखळायला होईल इतकी ठळक. तिच्या लगेच वर शेवटचा आकडा, विसाव्या पायरीचा.

विसाव्या पायरीवर तो एका पायावर उभा राहतो आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने पोटरी खाजवतो.

मी तुला 'भवति, भवतः, भवन्ति' म्हणायला उभी करत असे, तेव्हा तू हेच करायचीस. सात वर्षांची होतीस. 'भवन्ति'च्या आधी हमखास. मी ओरडायचो, "दोन्ही पाय जमिनीवर!" तू पाय ठेवायचीस आणि पुढचं रूप विसरायचीस.

पहिल्यांदा ते पडद्यावर पाहिलं आणि मी जागच्या जागी गार झालो. तू मुद्दाम काढलंस की तुझ्या हातातून आपसूक आलं, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून जांभईची तक्रार केली. त्यानंतर प्रत्येक चढणीत मी विसाव्या पायरीची वाट बघायचो. अठराव्यापासूनच प्रुफावर डोळा ठरत नसे. दोन वर्षं चार महिने तू दिसली नव्हतीस, आणि आता दिवसातून तीन-चार वेळा दिसत होतीस. दहा सेकंद. मी त्या शेवटच्या आकड्यावर न बघता खूण केली. लाल शाईतली ती खूण माझ्यासमोर आहे. किंचित तिरपी आहे.

तू घर सोडलंस त्या दिवशी मी काय म्हणालो होतो ते तुला आठवत असणारच, मलाही आठवतं. शिक्षण सोडून चित्रं काढायला निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, "जिला एका जागी बसता येत नाही, तिच्या हातून जगात कुणाचंही भलं व्हायचं नाही." वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून मी ते दोनदा म्हणालो.

मी एका जागी बसलो होतो, भिंगरी. पंचवीस मिनिटं, जराही न हलता.

बाबा

४ सप्टेंबर

चि. भिंगरी,

तुझा निरोप आईच्या फोनवर आला. तिने तो मला वाचून दाखवला, मग फोनच हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटली, म्हणजे मला एकट्याने पुन्हा वाचता यावा.

"बाबा, तो माणूस काढून टाकू का?"

आणि खाली, "तुमचं लक्ष नव्हतं असं आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. बरे आहात ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नको. त्याचा दोष नाही, तो त्याच्या पायऱ्या नीट चढला. लोक त्याच्याकडे बघून हसत असतील, त्यांचा दिवस सरत असेल, ते चांगलंच आहे. तुला हवं तर 'शंभर टक्के लक्ष' तेवढं बदल. 'पंचवीस मिनिटं बसलात' असं लिही. तेवढंच त्याला ठाऊक असतं. ही ग्राहकाची शेवटची सूचना. आणि तू हे यंत्र का केलंस ते मला आता कळतं. ज्याला लहानपणी दिवसातून दहा वेळा 'लक्ष कुठे आहे' असं विचारलं जातं, तोच असलं काही बनवतो. मी तो प्रश्न विचारत राहिलो, तू उत्तर शोधत बसलीस.

मालकांना दुसरं निवेदन दिलं, या वेळी खरं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पोटरी खाजवतो हे लिहायलाच हवं होतं का?" मी म्हटलं, कारण विचारलंत, कारण लिहिलं. त्यांनी मला काढलं नाही. बाई परत येईपर्यंत तक्ते दुसरीकडे पाठवले आहेत. मी व्हिजिटिंग कार्डं वाचतो. जुळणीवाली मुलगी रडत आली, म्हणाली, "काका, फाइल बदलताना ओळ माझ्याकडूनच सरकली." मी तिला सांगितलं, "सरकणारच, बाळ. ओळी सरकतात म्हणून तर माझ्यासारख्याला ठेवतात."

आता दुसरा प्रश्न. बरे आहात ना.

मी तुला नीट उत्तर देतो. एकोणसाठ प्रती परत आल्या. पान चौतीस माझ्या हाताने फाडलं, प्रत्येक प्रतीतलं. साठावी आलेली नाही.

ती एका नव्या परिचारिकेकडे आहे. नोकरीला तीन महिने झालेत. प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची लांबच्या एका आरोग्यकेंद्रावर बदली झाली. तिकडे तिचा फोन लागत नाही. मालकांनी माणूस पाठवला. ती केंद्रावर नव्हती, वस्त्यांवर घरोघरी फिरते आहे, पिशवी आणि पुस्तिका घेऊन. शुक्रवारी परत येईल असं म्हणाले. आज बुधवार. निरोप ठेवला आहे, आणखी एकाला तिच्या मागावर धाडलं आहे, पण ती कुठल्या वस्तीवर आहे ते नक्की कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या माणसाने तिथल्या कारकुनाला विचारलं, मुलगी कशी आहे? तो म्हणाला, काळजी करू नका, नवीन आहे पण फार लक्षपूर्वक काम करते. पुस्तिकेत बघितल्याशिवाय कुणाला थेंबसुद्धा देत नाही.

मला त्याचीच भीती वाटते आहे.

बाबा